खिडकी क्रमांक तीनचं सौजन्य

माझ्याविरुद्धची दुसरी लेखी तक्रार निळ्या शाईत होती. ओळी पट्टीने आखल्यासारख्या सरळ, आणि मुद्द्यांना क्रमांक. मुद्दा एक : खिडकी क्रमांक तीनवरील बाई नागरिकांच्या तोंडाकडे पाहत नाहीत. मुद्दा दोन : ‘पुढचे’ हा एकच शब्द त्या स्वागतासाठी, उत्तरासाठी आणि निरोपासाठी वापरतात. मुद्दा तीन : प्रस्तुत अर्जदाराने सोबत जोडलेले अकरा ओळींचे पत्र त्यांनी न वाचता परत केले. खाली सही आणि सहीखाली ‘निवृत्त शिक्षक, कसबा पेठ’.

तिन्ही मुद्दे खरे होते. मी साहेबांना तसं सांगितलंही.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. मी तेव्हा चौतीस वर्षांची होते आणि पुण्यातल्या एका कार्यालयात जन्माच्या दाखल्यांच्या खिडकीवर बसत होते. खिडकी साडेदहाला उघडायची, अडीचला बंद व्हायची. तेवढ्या वेळात मी शंभराच्या आसपास माणसं मोकळी करत असे. शेजारच्या दोन नंबरच्या खिडकीवरचे सहकारी चाळीससुद्धा करत नसत. पण त्यांच्याविरुद्ध तक्रार कधीच नव्हती. “या आजोबा, उन्हातून आलात ना, आधी पाणी घ्या,” अशी त्यांची सुरुवात असायची. लोक त्यांच्याकडून हसत जायचे आणि परवा पुन्हा यायचे, कारण काम झालेलं नसायचं.

साहेबांनी तक्रार फाइलमध्ये लावली आणि म्हणाले, “बाई, आता हे ऐका. तिसरी तक्रार आली की माझा नाइलाज आहे. तुम्हाला रेकॉर्डला पाठवावं लागेल.”

आमचं जुनं रेकॉर्ड शहराच्या दुसऱ्या टोकाला एका पत्र्याच्या शेडमध्ये होतं. मी राहत होते कर्वेनगरात. म्हणजे जाताना दोन बस, येताना दोन बस. मुलगी पाळणाघरात, आणि पाळणाघराच्या बाई सहाच्या ठोक्याला मुलाचं दप्तर दाराबाहेर ठेवायच्या, मागोमाग मूल. रेकॉर्डवरून मी सातच्या आत पोचणं शक्य नव्हतं. रजेचा अर्ज, नोकरीचा राजीनामा, सासूबाईंना गावाहून बोलावणं, हे सगळे पर्याय मी तिथल्या तिथे उभ्या उभ्या तपासले आणि बाद केले. खिडकी टिकवणं हाच एक पर्याय उरला.

“मग मी काय करू?” मी विचारलं.

“दोन गोष्टी. या सरांकडे जा, माफी मागा, जमलं तर तक्रार मागे घ्यायला सांगा. आणि पुढच्या सोमवारपासून आपल्याकडे सौजन्य सप्ताह आहे. शनिवारी समारोप. त्यात ‘सौजन्य : अर्थ आणि उगम’ यावर पाच मिनिटं तुम्ही बोला.”

“मी?”

“औषध ज्याला लागू पडायचंय त्यालाच देतात, बाई.”

त्याच संध्याकाळी, मुलीला शेजारी सोडून, मी कसबा पेठेत गेले. सरांच्या दोन खोल्या एका तांबटाच्या दुकानावर होत्या. खाली हंड्यावर ठोके चालू होते. जिना चढताना ते पायात जाणवत होते. मी दार वाजवलं.

“कोण?”

“खिडकी क्रमांक तीन.”

दार उघडलं. सत्तरीचे, काटक, धुवट सदऱ्यातले गृहस्थ. त्यांनी चष्मा वर ढकलला आणि मला नीट पाहून घेतलं.

“आपण तोंडाकडे पाहता आहात. प्रगती आहे.”

“माफी मागायला आले आहे.”

“आलात की पाठवलंय?”

“पाठवलंय.”

“मग बसा. खोटं बोलला असतात तर उभंच ठेवणार होतो.”

मी बसले. ठोके थांबले की ते बोलायचे, ठोके सुरू झाले की बोट वर करून थांबायचे. बहुधा आयुष्यभर असंच बोलत आले असावेत. मी तक्रार मागे घेण्याचं विचारलं.

“नाही. खरी आहे ती.”

“खरीच आहे. पण तिसरी आली तर माझी बदली होते.” मी दोन बस आणि पाळणाघर, दोन्ही सांगितलं.

“हा मुद्दा माझ्या तक्रारीत नव्हता,” सर म्हणाले. “तिसरी मी करणार नाही, एवढं बघता येईल. दुसरी मात्र राहील.”

“बरं. आता दुसरं काम. शनिवारी मला सौजन्य या शब्दावर पाच मिनिटं बोलायचंय.”

“आपल्याला?”

“हो.”

“आपल्या साहेबांना विनोदाचं अंग आहे.” ठोके सुरू झाले. बोट वर. ठोके थांबले. “म्हणजे मी तक्रार केली, त्याचं भाषण आपल्याला पडलं, आणि ते लिहूनही मीच द्यायचं?”

“लिहून नको. अर्थ सांगा. लिहीन मी.”

शिकवायची सवय सुटलेली नसते, हे मला माहीत होतं. ते उठून कपाटाशी गेले, पण पुस्तक न काढताच परत आले.

“सुजन. सु म्हणजे चांगला, जन म्हणजे माणूस. सुजन असण्याचा जो गुण, ते सौजन्य. सुंदरपासून सौंदर्य होतं, सुभगपासून सौभाग्य, तसंच. संपलं. सरळ अर्थ करायचा तर चांगलं माणूसपण.”

“यात गोड बोलणं कुठे आलं?”

“आलंच नाही. ते लोकांनी नंतर वर चिकटवलं. बाकीचे शब्द घ्या. सभ्य म्हणजे सभेत बसवण्याच्या लायकीचा. नम्र म्हणजे वाकलेला. विनय म्हणजे वळण लागलेलं असणं. शिष्ट म्हणजे शिकवलेला. आता मराठीत आपण कुणाला शिष्ट म्हणतो?”

“नाक वर करून चालणाऱ्याला.”

“बघा, जास्त शिकवलं की काय होतं. अदब आला तो अरबीतून, फारसीच्या वाटेने. तो दरबार बघून आलेला, तेव्हा त्याला उभं राहायचं कसं ते माहीत आहे. पण या सगळ्या शब्दांत माणूस दिसतो कसा, बसतो कसा, वाकतो कसा, हेच आहे. एकटं सौजन्य आहे ते विचारतं की माणूस आहे कसा.”

मी कागदावर लिहून घेतलं. त्यांनी विचारलं, “भाजी कुठून घेता?”

“मंडईतून. रविवारी.”

“गोड बोलणारीकडून?”

“छे. गोड बोलणारी किडकी वांगी खाली घालते. मी ओरडणारीकडून घेते. ती वजन झाल्यावर वरून कोथिंबिरीची मूठ टाकते.”

“मागितल्यावर?”

“मागितली तर टाकत नाही.”

“भाषण झालं तुमचं,” सर म्हणाले आणि उठले. मीही उठले. जिन्याशी त्यांनी मला हाक मारली आणि एक कागद पुढे केला. तेच अकरा ओळींचं पत्र. “मुद्दा क्रमांक तीन. आता तरी वाचा.”

मी जिन्यातच वाचलं. आठ ओळी नमस्कार आणि प्रस्तावनेच्या होत्या. नवव्या ओळीत लिहिलं होतं की लहानपणी दत्तक गेल्यामुळे त्यांचं आडनाव बदललेलं आहे, आणि नोंदवहीत जुनं आडनाव सापडेल. आमच्या फॉर्ममध्ये हे लिहायला जागाच नव्हती. त्यांनी नवीन आडनावाने फॉर्म भरला होता, तो ‘नोंद आढळत नाही’ असा शेरा पडून परत जाणारच होता. शेजारच्या खिडकीवरच्या गृहस्थांच्या खेपांवर मी जेवणाच्या सुट्टीत इतकं बोलत असे, आणि इथे एक खेप मीच घालायला लावली होती.

“पुन्हा अर्ज करा,” मी म्हटलं. “जुनं आडनाव कंसात लिहा. माझ्याच खिडकीवर या.”

“हे आठ दिवसांपूर्वी सांगता आलं असतं.”

“आलं असतं,” मी म्हटलं आणि उतरले.

सोमवारी सप्ताह सुरू झाला. प्रत्येकाच्या छातीवर गुलाबी फीत. खिडकीत पुठ्ठ्यावर लिहिलेलं वाक्य, जे प्रत्येक माणसाला म्हणायचंच : “नमस्कार. आपलं स्वागत असो. मी आपली काय सेवा करू?” आणि निरोपाला : “कृपया पुन्हा यावे.” या दुसऱ्या वाक्याचा अर्थ दाखल्यांच्या खिडकीवर काय होतो, याचा विचार कुणी केला नव्हता. दाराशी एक लाकडी पेटी. नागरिकांनी चिठ्ठीवर अभिप्राय लिहून टाकायचा, शनिवारी पेटी उघडणार.

मला खिडकी टिकवायची होती. मी वाक्य पाठ केलं आणि म्हटलं. प्रत्येकाला. सोमवारी साठ माणसं झाली, मंगळवारी पंचावन्न. रांग जिन्यापर्यंत गेली. लोकांना ते वाक्य ऐकून उत्तर द्यावंसं वाटायचं, मग ते घरच्या गोष्टी सांगायचे, आणि मी ‘हो का’ म्हणत ऐकायची. नेहमी येणारे एक वकिलांचे कारकून जाळीतून वाकून म्हणाले, “बाई, घरी सगळं ठीक ना?”

मंगळवारी सर आले. तासभर रांगेत उभे राहून खिडकीशी पोचले.

“नमस्कार. आपलं स्वागत असो. मी आपली काय सेवा करू?”

त्यांनी मागे वळून पाहिलं, मी दुसऱ्या कुणाशी तर बोलत नाही ना. मग म्हणाले, “ताप आहे का?”

“सप्ताह आहे.”

त्यांनी अर्ज दिला, जुनं आडनाव कंसात. नोंदवही काढून मिळेपर्यंत अडीच वाजले आणि खिडकी बंद करण्याची घंटा झाली. “कृपया पुन्हा यावे,” मी म्हटलं. सरांनी चष्मा वर ढकलला. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

गुरुवारी ते पुन्हा रांगेत होते, आठवे की नववे. त्याच वेळी दोन नंबरच्या खिडकीवर एक मावशी आल्या. कासोटा घातलेलं लुगडं, हातात रिकामी पाटी, नखांत माती. दोन नंबरवाले नेहमीच्या मऊ आवाजात म्हणत होते, “होईल मावशी, होणार बघा. सोमवारी एक चक्कर टाका.”

“अवो, चौथी खेप हाय माझी. आज चार वाजता कालेजात कागद न्हाई दिला तर पोरीचं नाव कापत्यात. नर्सचं कालेज हाय ते.”

“नाही कापत हो. मी आहे ना. सोमवारी या.”

मावशी बाजूला झाल्या आणि माझ्या जाळीसमोरच्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. रडत नव्हत्या. पाटीच्या काठाची एक निघालेली काडी मोडून मोडून खाली टाकत होत्या.

मी घड्याळ पाहिलं. बारा वाजायला दहा मिनिटं होती. समोरच्या माणसाला मी ‘नमस्कार’ म्हणून पुढचं वाक्य गिळलं, आणि ओरडले, “मावशी! इकडे या. कागद दाखवा.”

दोन नंबरवाले हळूच म्हणाले, “अहो बाई, फीत...”

“राहू दे फीत.” कागद पाहायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. “मावशी, तुमच्या मुलीचं नाव वहीत नाहीच. नुसतं ‘मुलगी’ लिहिलंय. जन्माच्या वेळी नाव ठेवलं नव्हतं, नंतर कुणी कळवलं नाही. सोमवारी काय, दिवाळीलासुद्धा दाखला मिळणार नाही.”

“मंग ह्ये सायेब चारदा काय म्हनत व्हते?”

“ते काय म्हणत होते ते सोडा. बाहेर लिंबाखाली टायपिस्ट बसतो. त्याच्याकडून नावाचं प्रतिज्ञापत्र करून आणा. शाळेचा दाखला आहे ना? तो जोडा. आणि तुम्हाला ओळखणारा एक साक्षीदार पाहिजे, पुण्यात राहणारा, सही करणारा. आत्ताच्या आत्ता. रडायचं असलं तर चारनंतर रडा.”

“म्या कशाला रडू? पन साक्षीदार आता कुटून आनू? समदी शेतावर हायती.”

“मी ओळखतो,” रांगेतून आवाज आला. सर पुढे आले. “वीस वर्षं हिच्याकडून भाजी घेतो. मंडईत, पूर्वेच्या दाराशी. आजवर एकदासुद्धा धड बोललेली नाही. हीच ती.”

मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं. “अगं बया. भेंडी मोडून बघनारं मास्तर!”

“ओळख पटली,” मी म्हटलं. “सर, इथे सही. तुमच्या जागेवर कुणी घुसणार नाही, बघते मी.”

प्रतिज्ञापत्र यायला पाऊण तास गेला. तेवढ्या वेळात मी वाक्य न म्हणता रांग ओढली आणि वीस माणसं काढली. त्यात सरही होते. त्यांचा दाखला त्यांच्या हातात दिला, आणि त्यांनी तो उजेडाकडे धरून ओळ न ओळ वाचला. वहीत नाव चढवून मावशींचा दाखला तयार होईपर्यंत दोन वाजत आले; आता सही साहेबांची हवी होती, आणि साहेब हॉलमध्ये शनिवारच्या समारोपाच्या खुर्च्या लावून घेत होते. खिडकीवर ‘पाच मिनिटांत येते’ अशी पाटी टेकवून मी धावले.

“साहेब, सही.”

“बाई, सप्ताह चालू आहे. ‘कृपया’ म्हणा.”

“कृपया सही. लवकर.”

सही झाली. दोनला मावशी पाटी डोक्यावर घेऊन निघाल्या. आभार वगैरे काही नाही. जिन्यावरून फक्त म्हणाल्या, “आता पळते.” खिडकीवर परत आले तेव्हा रांगेतले एक गृहस्थ पेटीत चिठ्ठी टाकत होते. त्यांचं तोंड पाहून मला चिठ्ठीतला मजकूर कळला. ‘खिडकी सोडून गेल्या’ असंच काहीतरी असणार. झाली तिसरी, असं मी मनाशी म्हटलं, आणि शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत रेकॉर्डकडे जाणाऱ्या बसचं वेळापत्रक लिहून आणलं.

त्याच सुट्टीत दोन नंबरवाले माझ्या टेबलाशी आले. डबा उघडला नव्हता. “बाई, मला माहीत होतं तिचं नाव वहीत नाही ते. पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. पण एवढ्या आशेने आली होती, तोंडावर नाही म्हणवेना.” भीड ही चीज काय असते हे मला त्या दिवशी समोर बसलेलं दिसलं. मी त्यांना बोलणार होते. पण नववी ओळ आठवली. “उद्यापासून ‘नाही’ म्हणायचं असलं की माझ्याकडे पाठवत जा,” मी म्हटलं. “मला म्हणवतं.” पुढे कितीतरी वर्षं आमचं हे काम असंच वाटलेलं होतं.

शनिवारी समारोप. पहिलं बक्षीस अर्थातच दोन नंबरच्या खिडकीला : नारळ आणि स्टीलचा तांब्या. माझं भाषण दीड मिनिटात संपलं. सुजनपासून सौजन्य कसं होतं ते सांगितलं, आणि सांगितलं की एका अर्जदाराचं अकरा ओळींचं पत्र मी वाचलं नाही, त्याच्या नवव्या ओळीत त्यांचं सगळं काम होतं. “ते पत्र वाचणं हे सौजन्य होतं. ते माझ्याकडून झालं नाही. नमस्कार म्हणणं सोपं होतं, ते मी आठवडाभर केलं.” टाळ्या बेताच्याच पडल्या. प्रमुख पाहुण्यांना उरलेली साडेतीन मिनिटं भरावी लागली.

नंतर साहेबांनी मला खोलीत बोलावलं. टेबलावर पेटीतल्या चिठ्ठ्यांचे दोन गठ्ठे होते, एक कौतुकाचा आणि एक तक्रारींचा. दोन्ही गठ्ठ्यांच्या मधोमध एक कागद वेगळा ठेवला होता.

“तुमच्या दोन तक्रारी आहेत,” ते म्हणाले. “एक, गुरुवारी खिडकी सोडून गेलात. ती मी धरत नाही, माझ्याच सहीसाठी आला होतात. दुसरी ही. ही कशात धरायची ते मला कळत नाही. वाचा.”

निळी शाई. मुद्दे क्रमांक घालून.

मुद्दा एक : खिडकी क्रमांक तीनवरील बाई सोमवारपासून अतिशय गोड बोलत असून त्यामुळे रांग पुढे सरकत नाही. मुद्दा दोन : प्रस्तुत अर्जदारास मंगळवारी तासभर उभे राहून केवळ ‘कृपया पुन्हा यावे’ एवढेच मिळाले. मुद्दा तीन : गुरुवारी दुपारी बारा ते दोन या वेळात सदर बाई मूळ स्वभावावर आल्या असता वीसपेक्षा अधिक कामे झाली व एका मुलीचे वर्ष वाचले. सबब, सदर बाईंना त्याच खिडकीवर पूर्ववत करण्यात यावे. मात्र जोडपत्रे वाचण्याची सक्ती असावी.

“तिसरी करणार नाही म्हणाले होते,” मी म्हटलं.

“ही तक्रारच आहे ना पण?”

“तक्रारच आहे. खरीही आहे.”

साहेब बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत बसले. तिसरी तक्रार आली होती, तेव्हा नियमाने बदली करायला हवी. पण तक्रार मान्य करायची तर मला त्याच खिडकीवर ठेवायला हवं होतं. शेवटी त्यांनी कागदाच्या समासात लिहिलं, ‘मान्य. पूर्ववत करण्यात यावे,’ खाली सही केली आणि तो माझ्या फाइलला लावला. मी बसचं वेळापत्रक त्यांच्या केराच्या टोपलीत टाकून बाहेर आले. फीत मात्र परत जमा करावी लागली. पुढच्या वर्षी लागणार होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी मुलीला घेऊन मंडईत गेले आणि मुद्दाम पूर्वेच्या दाराशी गेले. मावशी होत्या. मी मेथीची जुडी उचलून दाबून पाहिली.

“पिळू नका अशी! नवऱ्याचा कान हाय का तो?” मग वर बघून, “खिडकीवाल्या बाई व्हय? मंग तर आजाबात पिळू नका. तुमास्नी कळाया पायजे.”

मी जुडी ठेवली आणि पाव किलो भेंडी मागितली. त्यांनी तोलली, पिशवीत ओतली, पैसे घेतले. मुलीच्या कॉलेजचं मी विचारलं नाही, पण त्याच म्हणाल्या, “नाव लागलं. सोमवारी जातीया हॉस्टेलला.” बोलता बोलता पिशवीत कोथिंबिरीची मूठ पडली. नंतर माझ्या मुलीकडे पाहून अजून एक, जरा मोठी.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

“आता सरका की बाजूला,” मावशी म्हणाल्या. “मागं मानसं हायती. हां, पुढचं कोन?”